सात खंड, एक चित्रपट आणि एक परीक्षण

मी कथा लिहिते. त्यांतल्या काही दिवाळी अंकांत छापून येतात, काही खणात पडून राहतात आणि चरितार्थासाठी मी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हिशेब पाहते. परीक्षणे लिहिणे हा या दोन्ही उद्योगांच्या बाहेरचा छंद आहे. तो मराठी कथासंग्रहांपासून सुरू झाला आणि गेली काही वर्षे मांगा म्हणजे जपानी चित्रकथा आणि ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशनपट यांच्याकडे वळला आहे. विश्रामबागेत आमचे वाचणाऱ्यांचे एक लहानसे मंडळ आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी आम्ही जमतो, आणि माझे परीक्षण टंकलिखित प्रतींच्या रूपाने आधीच सर्वांच्या हाती गेलेले असते. त्यांतल्या एका परीक्षणाची हकीकत येथे सांगते, कारण ते लिहिताना या कामाचे जवळजवळ सगळे प्रश्न एकदमच पुढे उभे राहिले.

पुस्तक होते योशितोकी ओइमा यांचे, इंग्रजीत ‘अ सायलेंट व्हॉइस’ या नावाने आलेले. सात खंडांची ही मांगा २०१३ आणि २०१४ या काळात एका जपानी साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि २०१६ मध्ये नाओको यामादा यांनी तिच्यावर सुमारे दोन तास दहा मिनिटांचा ॲनिमे चित्रपट केला. शोया इशिदा हा प्राथमिक शाळेतला व्रात्य मुलगा वर्गात नव्याने आलेल्या शोको निशिमिया या कर्णबधिर मुलीचा छळ करतो, तो उघडकीस आल्यावर वर्ग त्यालाच वाळीत टाकतो, आणि काही वर्षांनी तो तिला शोधत जातो, एवढे कथानक मुखपृष्ठाच्या मागेही सापडते. खंड मला माझ्या भाच्याने आणून दिले. तो येथेच अभियांत्रिकीला आहे आणि त्याची तक्रार जुनी होती. “मावशी, तू एवढ्या पुस्तकांवर लिहितेस, मग ही पुस्तके नव्हेत का?”

या प्रश्नाला मान हलवून उत्तर देणे सोपे होते, पण परीक्षण लिहायचे म्हटल्यावर पहिली अडचण आली ती मापाची. कथासंग्रह मी कोणत्या अपेक्षेने उघडते हे मला ठाऊक असते. सात खंडांची चित्रकथा उघडताना मात्र ती कशी तयार होते हे आधी समजून घ्यावे लागले. साप्ताहिकातले एक प्रकरण साधारण अठरा-वीस पानांचे असते, लेखकाला ते आठवड्यात पुरे करायचे असते, आणि वाचक पुढच्या आठवड्यात परत यावा म्हणून शेवटच्या पानावर काहीतरी अडकवून ठेवायचे असते. काही जपानी साप्ताहिके अंकासोबत प्रश्नावली देऊन वाचकांचा कौल घेतात आणि ज्या मालिकेला कौल मिळत नाही ती लवकर गुंडाळली जाते. मराठी वाचकाला यात अगदीच अनोळखी असे काही नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातूनच क्रमशः आली, तेव्हा दर आठवड्याला वाचकाला धरून ठेवण्याची कसरत आपल्या कादंबरीनेही केलेली आहे. म्हणून खंडरूपात वाचताना कोणते वळण कथेने स्वतःहून घेतले आणि कोणते पुढच्या आठवड्याच्या वाचकासाठी घ्यावे लागले, हे वेगळे काढणे मी परीक्षकाचे काम समजते. ओइमांच्या पहिल्या दोन खंडांत हा सांधा जवळजवळ दिसत नाही. चौथ्या-पाचव्या खंडात तो काही ठिकाणी दिसतो, आणि तसे मी परीक्षणात लिहिले.

पहिले वाचन मी पेन्सिल न घेता करते. हळदीचा हंगाम होता, सौदे लांबत होते आणि दुकानातून सुटायला रात्र होत असे, त्यामुळे दिवसाला एखादे-दुसरे प्रकरण एवढीच गती होती. कदाचित हीच गती या वाचनाला योग्य असावी. मांगाचे पान उजवीकडून डावीकडे वाचतात. पूर्वी इंग्रजी आवृत्त्यांत पाने आरशातल्यासारखी उलटी करून छापत, त्यामुळे उजव्या हाताचे सामुराई डावखुरे होत. आता ती पद्धत बहुतेक ठिकाणी मागे पडली आहे आणि वाचकानेच डोळ्यांना वळण लावावे अशी अपेक्षा असते. ते वळण लवकर लागते. उशीर लागतो तो मजकूर सोडून चित्राकडे पाहायला. आम्ही शब्दांवर वाढलेली माणसे, त्यामुळे संवादाचे फुगे भराभर वाचून पान उलटण्याकडे कल असतो आणि चौकटीत कोण कोणाकडे पाहत नाही, हे राहूनच जाते. या कथेत तर तेच मुख्य आहे. शोया माणसांच्या नजरेला नजर देत नाही, आणि ज्यांच्यापासून तो तुटलेला आहे त्यांच्या चेहऱ्यांवर ओइमा सरळ मोठी फुली काढतात. निवेदनात एक अक्षर न खर्चता त्याचा एकटेपणा पानापानावर मोजता येतो.

दुसऱ्या वाचनाला वही असते. डाव्या पानावर खंड, पान आणि तेथे प्रत्यक्ष काय आहे. उजव्या पानावर मला काय वाटले. डावीकडे नोंद नसेल तर उजवीकडचे वाक्य परीक्षणात जात नाही, हा माझा नियम आहे. आमच्या यार्डात हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय कोणी भाव बोलत नाही. परीक्षणात मात्र ‘प्रभावी’, ‘हृदयस्पर्शी’, ‘संयत’ असे भाव न मोडताच बोलले जातात. या नियमाची कसोटी लागली ती एका कानावर.

पहिल्या खंडात शोकोची श्रवणयंत्रे वारंवार मोडली किंवा हरवली जातात. एकूण आठ यंत्रे, सुमारे १७ लाख येनांचे नुकसान. शोयाची आई घरातच केस कापण्याचे दुकान चालवते; ती बँकेतून पैसे काढते आणि शोकोच्या आईला नेऊन देते. परत येते तेव्हा तिच्या कानातून रक्त वाहत असते, कानातले नसते. काय घडले ते कोणी सांगत नाही आणि शोयाही विचारत नाही. भाच्याचे म्हणणे असे की शोकोच्या आईने रागाने कानातले ओढले, हे उघड आहे. मी त्याला पान दाखवायला सांगितले. त्याने पाने पुढेमागे उलटली आणि म्हणाला, “दाखवलेलं नाही गं, पण दुसरं काय असणार?” दुसरेही असू शकते. शोयाने शोकोच्या कानाला जखम केली होती, तिची भरपाई म्हणून आईने आपल्याच हाताने ते केले असाही अर्थ त्या चौकटींतून निघू शकतो, आणि पैसे देऊन न फिटणारे काही देणे फेडल्याची छटा त्याला येते. आम्ही बराच वेळ भांडलो. अखेरीस परीक्षणात मी दोन्ही अर्थ मांडले आणि लेखिकेने ती भेट चौकटींच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवली आहे, एवढेच ठामपणे लिहिले. चित्रकथेत दोन चौकटींच्या मधली ती पांढरी पट्टी वाचकाने भरायची असते. येथे लेखिकेने एक संपूर्ण प्रसंगच त्या पट्टीत ढकलला आहे, आणि तो दाखवला असता तर आईचे पात्र निम्म्याने लहान झाले असते असे माझे मत आहे.

याच सुमारास वहीचे शेवटचे पान भरू लागले. त्या पानावर मी ‘मी असते तर’ या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये लिहिते आणि ती परीक्षणात येऊ देत नाही. कथा लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याची कथा वाचताना हात शिवशिवतात. हे पात्र लवकर आणले असते, हा शेवट काढून टाकला असता, ही बहीण जास्त बोलती केली असती. वाचकाला याचा काहीही उपयोग नसतो, कारण त्याच्यापुढे असलेले पुस्तक ओइमांचे आहे, माझे नव्हे. पण ती वाक्ये फेकून द्यायचीही नसतात. आईविषयीची चार-पाच वाक्ये त्या पानावर जमली आणि त्यांतून पुढे माझी एक कथा निघाली. तिच्यात केस कापण्याचे दुकान नाही, जपान नाही आणि कानही नाही; मुलाच्या अपराधाचे पैसे मोजून घरी आलेली एक बाई स्वयंपाकाला लागते, एवढेच आहे.

सहावा खंड मी सर्वांत जास्त वेळा उघडला. तोपर्यंत कथा शोयाला चिकटून चालते. या खंडात तो काही काळ बाजूला होतो आणि एकेका प्रकरणात एकेका सोबत्याच्या नजरेतून आपण पाहतो. शोकोचे प्रकरण येते तेव्हा फुग्यांतली अक्षरे तुटलेली, अर्धवट पुसलेली असतात. वाचक ती जुळवण्याचा प्रयत्न करतो, काही कळते, पुष्कळसे निसटते, आणि पाच खंड आपण ज्या मुलीकडे बाहेरून पाहत होतो तिच्या जागी येऊन बसतो. गद्यात हे मला करता येईल का, याचा मी पुष्कळ विचार केला. वाक्य अर्धवट तोडले तर वाचकाला ते निवेदकाचे अडखळणे वाटते, ऐकणाऱ्याचे नाही. छापील अक्षराला चित्र मानणारी कलाच हे करू शकते, असे मी लिहिले आणि त्या वाक्यासमोर पान क्रमांक घातला.

चित्रपट मी खंड मिटवून काही आठवडे गेल्यावर पाहिला. मूळ ताजे असताना पाहिले तर मन फक्त काय गाळले याची यादी करत बसते. पहिल्यांदा न थांबता, दुसऱ्यांदा थांबत, मिनिटांची नोंद करत. यादी व्हायची ती झालीच. मांगात शोया आणि त्याचे सोबती मिळून एक चित्रपट बनवतात, तो मोठा धागा पडद्यावर नाही. सहाव्या खंडातली स्वतंत्र प्रकरणेही नाहीत, आणि त्यामुळे उएनो व कावाई या शोयाच्या जुन्या वर्गातल्या मुली मांगात आहेत त्याहून पडद्यावर उथळ वाटतात. हे नुकसान खरे आहे. पण यामादांनी त्या बदल्यात दुसरे काही उभे केले आहे. कॅमेरा सतत खाली, पायांवर, बुटांवर, चालण्याच्या लयीवर असतो, कारण मान खाली घातलेल्या मुलाला जग तेवढेच दिसते. चेहऱ्यांवरच्या फुल्या येथे कागदासारख्या सुटतात आणि गळून पडतात. संगीतकार केन्सुके उशिओ यांनी पियानोच्या आत मायक्रोफोन ठेवून सुरांबरोबर लाकडाचे आणि नमद्याचे आवाजही ध्वनिमुद्रित केले, त्यामुळे संगीत कानापेक्षा आधी अंगाला लागते. ऐकू न येण्याची गोष्ट ध्वनीतून सांगण्याचा हा मार्ग कागदाला उपलब्ध नव्हता.

भाच्याचे आणि त्याच्या मित्रांचे एकच मत: मूळ ते मूळ. मला हा निकष पटत नाही. हिरोमु अराकावा यांच्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ची पहिली ॲनिमे मालिका २००३ मध्ये आली तेव्हा मांगा अजून निम्म्यावरही नव्हती, म्हणून मालिकेने आपला वेगळा मार्ग काढला. २००९ मध्ये दुसरी मालिका मूळ कथेला धरून आली. दुसरी अधिक आज्ञाधारक आहे, एवढ्यावरून ती श्रेष्ठ ठरत नाही, आणि पहिलीचा शेवट स्वतंत्र आहे म्हणून ती अपराधी ठरत नाही. सांगलीच्या माणसाला तरी हे समजायला हवे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये येथे ‘सीता स्वयंवर’ उभे केले तेव्हा प्रत्येक प्रेक्षकाला मूळ कथा तोंडपाठ होती. लोक पाहायला आले होते ते ती रंगमंचावर कशी होते ते. त्या परंपरेचा अभिमान आम्ही दर ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, मिरवतो, आणि मध्यंतरात चहा घेत नाटकाचे निकालही लावतो, पण ते निकाल नटाच्या आवाजापलीकडे फारसे जात नाहीत, हे माझे जुने गाऱ्हाणे आहे.

लिहायला बसल्यावर पहिला प्रश्न कथानकाचा. पुढचे फोडून टाकणे हा या वाचकवर्गात जवळजवळ गुन्हा मानला जातो, आणि कथानक अजिबात सांगितले नाही तर आमच्या मंडळातल्या, मांगा कधी न पाहिलेल्या मंडळींना काहीच कळत नाही. मी दुसऱ्या खंडाच्या शेवटापर्यंतच गोष्ट सांगायची आणि पुढच्या भागाविषयी फक्त पद्धतीने बोलायचे, असे ठरवले. एक अपवाद केला. या कथेत जीव देण्याचा प्रयत्न येतो. कोण, कुठे, केव्हा हे न सांगता तो येतो एवढे मी दुसऱ्याच परिच्छेदात लिहिले, कारण मंडळात शाळकरी मुलांचे आईवडील आहेत आणि मुखपृष्ठावरची हसरी मुले पाहून कोणी हे खंड आठवीतल्या मुलाच्या हाती सहज देईल. भाचा यावर नाराज झाला. मी ते वाक्य ठेवले.

मूळ भाषेवर काही लिहायचे नाही, हेही ठरलेले असते. मी इंग्रजीतून वाचते, चित्रपट सबटायटल्ससह पाहते, तेव्हा ओइमांची भाषा ओघवती आहे की नाही हे सांगण्याचा मला अधिकार नाही. तारेही देत नाही. पाचपैकी साडेतीन म्हटले की पुढचे कोणी वाचत नाही.

मंडळातली बैठक मात्र अपेक्षेहून लांबली. एक निवृत्त गुरुजी आमच्यात आहेत, त्यांनी प्रत खाली ठेवून विचारले, “ताई, मुलाने खोड काढली, त्याला पश्चात्ताप झाला, मुलीने क्षमा केली. यात एवढे काय आहे?” प्रश्न रास्त होता. मी त्यांना पहिल्या खंडातली एक खूण दाखवली. लहान शोको हाताने काहीतरी खूण करते, शोयाला ती कळत नाही आणि तो वाळू फेकतो. काही वर्षांनी तो खुणांची भाषा शिकून येतो आणि तीच खूण तिच्यापुढे करतो. क्षमा मागण्याआधी त्याने तिची भाषा शिकली आहे, आणि तरीही पुढचे पाच खंड ती क्षमा कोणाच्या सोयीची आहे याचा हिशेब संपत नाही. गुरुजींनी पहिला खंड घरी नेला. कर्णबधिर मुलांना शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या एक बाई त्या दिवशी पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्या म्हणाल्या की श्रवणयंत्र चष्म्यासारखे नसते. ते आवाज मोठा करते, पण स्पष्ट करीलच असे नाही, आणि ओठांवरून तर बोलण्याचा काही भागच वाचता येतो. सहाव्या खंडातली तुटकी अक्षरे त्यांना पाहताक्षणी ओळखीची वाटली. ओइमांच्या आई खुणांच्या भाषेच्या दुभाषी आहेत आणि या गोष्टीच्या आधीच्या एकप्रकरणी रूपाविषयी जपानमधल्या कर्णबधिरांच्या महासंघाशी चर्चा झाली होती, हे मी त्यांना सांगितले. त्यांचे निरीक्षण, त्यांची अनुमती घेऊन, मी परीक्षणाच्या पुढच्या प्रतीत घातले. त्या परिच्छेदात आता माझ्यापेक्षा त्यांचा वाटा मोठा आहे.

मांगावर लिहिण्यात एक सुख असते: लेखिका ओगाकीची, मी सांगलीची, प्रकाशन समारंभात समोरासमोर येण्याचा संभव नाही. मराठी पुस्तकाचे तसे नाही. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी लिहिणारे सगळे एकमेकांना ओळखतात, आणि परीक्षण म्हणजे हाराऐवजी दिलेला कागद असा समज रूढ आहे. या परीक्षणानंतर मी त्याच वहीत, त्याच दोन रकान्यांत, आमच्याच भागातल्या एका ज्येष्ठ कथाकाराचा नवा संग्रह घेतला. तीन कथांची स्तुती केली, पानांसह. दोन कथांत शेवट निवेदकाच्या तोंडून समजावून सांगितला आहे असे म्हटले, तेही पानांसह. त्यांचा फोन आला. “ताई, एका कथेचं पटलं. दुसरीचं अजिबात पटलं नाही, ते पान तुम्ही पुन्हा वाचा.” मी पुन्हा वाचले आणि माझे मत कायम राहिले, ते त्यांना कळवले. पुढच्या समारंभाचे निमंत्रण आले नाही, पण तो फोन म्हणजे आजवर माझ्या एखाद्या परीक्षणाची घेतली गेलेली सर्वांत गंभीर दखल होती.

‘अ सायलेंट व्हॉइस’च्या परीक्षणाचा अखेरचा परिच्छेद सर्वांत जास्त खोडला गेला. चित्रपट शाळेच्या उत्सवात संपतो. फुल्या गळतात, गर्दीचा आवाज परत येतो आणि शोयाला रडू फुटते. मांगा तेथे थांबत नाही. ती या मुलांना प्रौढत्वाच्या समारंभापर्यंत नेते आणि जुन्या वर्गसोबत्यांच्या मेळाव्याच्या दारापाशी आणून सोडते, जेथे आत सगळे तेच असणार आहेत. मला मांगाचा शेवट अधिक प्रामाणिक वाटतो, कारण माणसांचे आवाज ऐकू येऊ लागणे ही सुरुवात आहे आणि त्या दारातून आत जाणे हे पुढचे, अधिक अवघड काम आहे. भाच्याच्या मते चित्रपटाने योग्य जागी हात आवरला आणि सातव्या खंडाचा उत्तरार्ध साप्ताहिकाची निरवानिरव आहे. मूळ ते मूळ म्हणणाऱ्या मुलाने चित्रपटाची बाजू घेतली, याची त्याला आठवण करून दिली तर तो म्हणाला की हा अपवाद आहे. त्याचा युक्तिवाद त्याच्याच शब्दांत, सातव्या खंडातल्या पानांसह, मी परीक्षणाखाली जोडला आणि प्रती काढायला दिल्या.